पाटकऱ्याच्या वाटेने

नाशिकच्या आसपास मोटारींचा त्रास नसलेल्या वाटांनी सायकल चालवायची असेल, तर निघण्यापूर्वी हवामानाच्या अंदाजाबरोबर आणखी काही गोष्टींची चौकशी करावी लागते. कालव्याला आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटले आहे का, द्राक्षबागांत सध्या कोणते काम चालू आहे, आणि हरसूल-पेठकडच्या रानात मोहाची फुले गळू लागली आहेत का. या प्रश्नांची उत्तरे मोबाइलमधल्या नकाशावर मिळत नाहीत. ती कालव्याच्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या पाटकऱ्याकडे, बागाईतदाराकडे आणि रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसांकडे असतात. मुरमाच्या वाटांनी हिंडायला लागल्यापासून माझा जितका वेळ पायडल मारण्यात गेला, जवळजवळ तितकाच या माणसांशी बोलण्यात गेला आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सायकलच्या जगात नाशिकची ओळख झाली ती डांबरी रस्त्यांवरून. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी 2015 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही खंड ओलांडणारी शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून शहरात पहाटे हेल्मेट घालून निघणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. पण मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, मागून येणाऱ्या कंटेनरचा अंदाज कानांनी घेत सायकल चालवणे मला कधीच मानवले नाही. मुरमाच्या वाटांवरचा ग्रॅव्हल सायकलिंग हा प्रकार आता जगभर रुळला आहे, आणि 2022 मध्ये इटलीतल्या व्हेनेतोमध्ये त्याची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद शर्यतही झाली. माझ्या भाच्याने त्या जातीची सायकल घेतली, तेव्हा खाली वळलेले हँडल, डिस्क ब्रेक आणि 40 मिलिमीटर रुंदीचे टायर यांचे तो फार कौतुक सांगत होता. आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या काकांनी ते सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलचे चाक दाखवले. त्या टायरवर 28 × 1½ असे छापलेले होते, आणि त्याची रुंदीही साधारण 40 मिलिमीटरच भरते. दोन्ही कॅन कॅरिअरला अडकवून काका वर्षानुवर्षे ज्या शिवाररस्त्याने मखमलाबादहून येतात, तोच रस्ता भाच्याने ॲपवर नवा मार्ग म्हणून नोंदवला होता.

भाच्याला चिडवण्यासाठी मी हे सांगत नाही. नाशिकजवळची एकही निवांत वाट सायकल फिरवण्यासाठी तयार झालेली नाही. कालव्याच्या भरावावरची वाट पाटबंधारे खात्याने पाण्यावर नजर ठेवण्यासाठी काढली, बागांमधली वाट ट्रॅक्टर आणि क्रेट जाण्यासाठी झाली, आणि रानातली वाट सरपण, गुरे आणि वनरक्षक यांच्या पावलांनी पडली. त्यांच्यावर वाहतूक नाही याचा अर्थ इतकाच, की कामाशिवाय तिकडे कोणी जात नाही. युरोपातल्या कालव्याकाठच्या वाटांचेही मूळ असेच आहे. दक्षिण फ्रान्समधला कनाल दू मिदी 1666 ते 1681 या काळात खोदला गेला, आणि त्याच्या सुमारे 240 किलोमीटरच्या काठाने आज जिथे सायकली जातात, तिथे पूर्वी दोर लावून नावा ओढणारे घोडे चालत. तिथले घोडे गेले आणि वाट रिकामी झाली, म्हणून ती सायकलस्वारांना मिळाली. आपल्याकडचा पाटकरी मात्र अजून वाटेवर आहे.

गंगापूर धरण 1965 मध्ये पुरे झाले. त्याचा डावा कालवा मखमलाबादच्या अंगाने आडगावकडे जातो आणि आम्ही सगळे त्याला पाट म्हणतो. त्याच्या शहरालगतच्या तुकड्यावर आता सायकलीला सुख नाही, कारण तिथे घरे काठाला टेकली आहेत आणि कचऱ्याचे ढीग आहेत. मात्र वस्ती विरळ झाली की वाटेचे खरे रूप दिसू लागते. दोन चाकोऱ्या, मध्ये गवताची पट्टी, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला भरावाचा उतार, ज्याच्या पायथ्याशी कांद्याचे नाहीतर टोमॅटोचे शेत असते. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट, आणि तो आपल्याकडे जागोजागी निघतो, म्हणून भरावाला आणि वाटेला तोच घातलेला असतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. मुरूम दाबला की बसतो आणि पाऊस उघडल्यावर फार चिकटत नाही. ज्याने जुलैमध्ये काळ्या रानातून सायकल काढली आहे आणि चाक व फाट्याच्या मध्ये गाळाचा गोळा अडकून ती खांद्यावर घेतली आहे, त्याला मुरमाची किंमत निराळी सांगायला नको.

कालव्याच्या वाटेची खरी गंमत तिच्या चढात, किंवा चढ नसण्यात आहे. पाणी केवळ उताराने वाहणार, म्हणून आखणी करणारा इंजिनिअर जमिनीची समान पातळी धरून कालवा नेतो. टेकडी आली की कालवा तिला वळसा घालतो, ओहोळ आला की आत शिरून पुन्हा बाहेर येतो किंवा भरावावरून नाहीतर जलसेतूवरून पलीकडे जातो. उतार इतका मंद असतो की पायांना तो कळतच नाही. परिणामी वाट सपाट पण भयंकर नागमोडी असते. समोर दिसणारे गाव पाऊण तास समोरच दिसत राहते, कधी उजवीकडे, कधी डावीकडे. वेगाची हौस असलेल्या माणसाला हे वैताग आणणारे वाटेल. मला त्या वळणांमुळे पाणी कसे विचार करते ते कळले, असे म्हणायचा मोह होतो, पण पाणी विचार करत नाही. तो त्या आखणी करणाऱ्या माणसाने केलेला असतो.

कोरड्या कालव्याची वाट आणि आवर्तन सुटलेल्या कालव्याची वाट या दोन निराळ्या वाटा आहेत. रब्बीचा सिंचन हंगाम 15 ऑक्टोबरपासून धरला जातो, आणि त्यानंतर जेव्हा पाळी सुटते तेव्हा वाटेवर माणसांची वर्दळ वाढते. पाटकरी फाटकांच्या चाव्या घेऊन फिरत असतो. दरवाजाच्या स्क्रूला लोखंडी चावी लावून तो ती अंगाचा भार टाकत फिरवतो, दरवाजा बोटभर वर येतो, चारीत, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटात, पाणी शिरते, आणि मग तो वाकून मोजपट्टीवरचा आकडा बघतो. तो आकडा वहीत उतरवला की पुन्हा चावी अर्धा फेरा उलट. त्या अर्ध्या फेऱ्यावरून खालच्या शेतकऱ्यांशी वाद होतात. काठावर जागोजागी डोंगळे टाकलेले असतात. कालव्यातून पाणी ओढणारे हे प्लास्टिकचे पाइप परवानगीने टाकले जात नाहीत, त्यामुळे ते वाटेखाली घाईने पुरलेले असतात आणि त्यांच्यावरच्या मातीचा उंचवटा चाकाला अचानक लागतो. असा उंचवटा आला की मी पायडलवर उभी राहते आणि इकडेतिकडे बघत नाही. कोणाचा पाइप आहे, हे सायकलवाल्याने न पाहिलेले बरे.

एका वयस्कर पाटकऱ्याने मला या वाटेचा सर्वांत उपयोगी धडा दिला. भरल्या पाटाच्या काठाने मी जपून चालले होते आणि नजर सारखी पाण्याकडे जात होती. त्याने थांबवले आणि म्हणाला, “ताई, पाण्याकडं बघत चालवू नका. नजर जिकडं, चाक तिकडं. बाहेरच्या चाकोरीनं चला अन् लांब बघा.” सायकल शिकवणारे लोक हीच गोष्ट बऱ्याच तांत्रिक भाषेत सांगतात. अस्तर केलेल्या कालव्याच्या कडा शेवाळाने इतक्या निसरड्या असतात की पोहता येणाऱ्यालाही वर चढणे कठीण जाते, आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यात जीव गमावतो. म्हणून भरला पाट असेल तर काठाने मी एकटी जात नाही आणि अंधार असताना तर मुळीच जात नाही. पाटकरी स्वतः बघत असतो ते वेगळेच: घुशींची आणि खेकड्यांची बिळे, भरावाच्या बाहेरच्या उतारावर आलेली ओल, मोरीच्या तोंडाशी अडकलेला काडीकचरा. ओलीचा डाग वेळेत दिसला नाही, तर काही तासांत भगदाड पडू शकते. पाटकऱ्यांची संख्या आता पूर्वीपेक्षा खूप घटली आहे आणि जे आहेत ते मोटारसायकलवरून अनेक चाऱ्या सांभाळतात. डाग दिसायला चालण्याचा वेग लागतो, किंवा फार तर सायकलचा, असे त्याचेच म्हणणे होते.

सायकलच्या वेगाने आणखी एक गोष्ट दिसते, जी गाडीतून दिसणार नाही आणि पायी चालत दिसायला दिवस जाईल. कालव्याच्या मुखाकडून शेपटाकडे निघाले की दोनएक तासांत पिके बदलत जातात. मुखाजवळ ऊस, मध्ये कांदा आणि भाजीपाला, आणि टेलकडे गेले की हरभरा, नाहीतर पडीक रान. पाणी वर असणाऱ्यांनी आधी घ्यायचे आणि खाली उरले तर पोचायचे, हा अन्याय कागदावर वाचणे वेगळे आणि एकाच सकाळी त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणे वेगळे. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर हेच चित्र होते. तिथे ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून, 1990-91 च्या सुमारास कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या. पाणी मोजून घ्यायचे, ओढ्यानाल्यांत सोडून विहिरींतही जिरवायचे आणि वाटप आपणच करायचे, असा तो व्यवहार होता. पुढे सगळ्या प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले आणि 2005 च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाच्या वेळी वाघाडचे उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. आज ओझरकडून त्या बाजूला सायकल घातली की टेललाही द्राक्षाच्या बागा लागतात. बागेला नाजूक वेळी पाणी चुकले तर वर्ष वाया जाते. तिथे बाग उभी राहणे हाच पाणी पोचल्याचा दाखला.

बागांमधले रस्ते हा निराळा मामला आहे. नाशिकचे द्राक्ष म्हटले की बाहेरच्यांना वाइन आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. 1997 मध्ये सुला या वाइन कंपनीने गंगापूर धरणाच्या परिसरात सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या, त्यानंतर त्या बाजूचे अर्थकारणच पालटले. मात्र सायकलवाल्याच्या नजरेतून मी सांगेन, की वाइनच्या बागांपेक्षा खाण्याच्या द्राक्षांच्या बागा चांगल्या. धरणाकडच्या रस्त्यांना शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. त्याउलट मातोरी, मुंगसरे, दरी या बाजूला किंवा दिंडोरी-पिंपळगावच्या पट्ट्यात थॉमसन आणि सोनाका या जातींच्या बागांमधून जाणाऱ्या शिवाररस्त्यांवर ट्रॅक्टर, बुलेटवरचा एखादा बागाईतदार आणि कुत्री यांखेरीज कोणी भेटत नाही. कुत्र्यांविषयी एकच सांगते: उतरून सायकल आपल्या आणि त्यांच्या मध्ये धरावी आणि मळ्यातल्या माणसाला हाक मारावी. पळण्यात अर्थ नाही, ती आपल्यापेक्षा वेगाने धावतात आणि रस्ता त्यांच्या ओळखीचा असतो.

या रस्त्यांचे वेळापत्रक वेलीच्या अवस्थांवर चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि काड्यांचे भारे वाटेवर येतात. त्यांची टोके टायरला काट्यांइतकीच वाईट. ऑक्टोबरच्या आगेमागे फळासाठीची गोडी छाटणी होते. तिकडे बागलाणात पूर्वहंगामी द्राक्षासाठी ती पावसाळ्यातच उरकलेली असते. छाटणीनंतर डोळे फुटून पोंगा, म्हणजे कोवळा कोंब, दिसायला लागला की फवारण्या सुरू होतात, आणि फुलोरा संपेपर्यंत बागाईतदाराला झोप नसते. या काळात ट्रॅक्टरमागचे ब्लोअर बागेच्या ओळींतून धुके उडवत फिरत असतात आणि ते धुके वाटेवर येते. वारा बघायचा, ब्लोअर ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत थांबायचे, नाहीतर सरळ मागे फिरायचे. बेमोसमी पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांत तर मी बागांकडे फिरकतच नाही. त्या माणसांना त्या वेळी आपल्या सकाळच्या हौशीसाठी बाजूला होण्याची विनंती करणे मला शोभणारे वाटत नाही.

पानांवरचा निळसर पांढरा थर दिसला की मात्र मला प्रत्येक वेळी एक गोष्ट आठवते. बोर्डो मिश्रण हे मोरचूद आणि चुना यांचे बुरशीनाशक नाशिकच्या बागाईतदाराला घरच्या मसाल्याइतके ओळखीचे आहे. त्याचा शोध लागला तो वाटेने जाणाऱ्या लोकांमुळे. फ्रान्समधल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षे येणारेजाणारे तोडून खात, म्हणून तिथले शेतकरी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे घाण दिसणारे पाणी शिंपडत. 1882 मध्ये प्राध्यापक अलेक्सी मिलार्दे यांच्या लक्षात आले, की केवडा या बुरशीच्या रोगाने सगळ्या बागेची पाने झडली असताना रस्त्याकडेच्या वेली हिरव्या आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि 1885 मध्ये ते प्रसिद्ध केले. वाटसरूंवरचा अविश्वास औषध होऊन जगभर गेला. आमच्याकडे मात्र काढणीच्या दिवसांत वाटेवर थांबले की बागेतून हाक येते आणि हातात घड पडतो, आणि तो न घेणे हा अपमान समजला जातो. फक्त निर्यातीच्या बागेत कोणी आपणहून हात लावू नये. तिथे औषधाच्या अंशापासून घडाच्या वजनापर्यंत सगळ्याचा हिशेब असतो.

डिसेंबर-जानेवारीत बागांचे एक दृश्य विलक्षण असते. निफाडकडे पारा पाच अंशांखाली जाऊ शकतो, आणि दिवस-रात्रीच्या तापमानातल्या अशा फरकाने हिरव्या द्राक्षांचे मणी गुलाबी पडतात, ज्याला बागाईतदार पिंक बेरी म्हणतात आणि जे बाजारात चालत नाही. म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद लावतात. वेलींना आधार देणाऱ्या वाय आकाराच्या अँगलखाली बायका मान वर करून उभ्या असतात, एक हात घडाखाली, दुसऱ्या हाताने कागदाचा चौकोन भोवती फिरवून टोक दुमडायचे, आणि पुढचा घड. संध्याकाळपर्यंत बाग कागदी दिसू लागते. वाटेवरून बघितले तर निवडणुकीच्या बातम्या, सोन्याचे भाव आणि वधूवर सूचक जाहिराती उलट्यासुलट्या लोंबत असतात. कडाक्याच्या पहाटे त्याच बागांत शेकोट्यांचा धूर केलेला असतो आणि ठिबक चालू असते, गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून. धुराने वाट दिसत नाही, तेव्हा उतरून चालावे लागते.

कागद लावणाऱ्या, विरळणी करणाऱ्या, घड बुडवणाऱ्या या बायका बहुतेक करून पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूच्या आहेत. गिरणारे गावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तिथून पिकअप भरून त्या बागांवर जातात. हे मला आधी ऐकून माहीत होते. त्याचा अर्थ मला नंतर उमगला, वाघेऱ्याच्या घाटाने पलीकडे हरसूलकडे सायकल नेऊ लागल्यावर. फेब्रुवारीच्या शेवटी गावातल्या हापशाजवळ पाणी भरत असताना एका बाईने मला ओळखले. म्हणाल्या, “तुम्ही मुंगसऱ्याच्या मळ्यापाशी थांबल्या होत्या ना, सायकल घेऊन? आम्ही कागद लावीत होतो.” बाग आणि रान ही दोन ठिकाणे मी आजवर वेगवेगळ्या रविवारांसाठी राखली होती, त्या बाईंच्या वर्षात ती एकाच पोटासाठी जोडलेली होती. पावसाळ्यात त्यांची भातलावणी आणि नागली, दिवाळीनंतर बागांची कामे, आणि बागेचे काम सरत येते तेव्हा मोह.

रानातली सायकल कालव्याकाठच्या सायकलीहून कष्टाची असते. चढ छातीत भरतात, उतारावर सुटी खडी चाक फिरवते, आणि उन्हाळ्याकडे झुकताना सागाची थाळीएवढी पाने वाटेवर इतकी पसरतात की त्यांच्याखाली दगड आहे की खड्डा हे चाकालाच कळते. आवाजही खूप होतो. सागाच्या वाळक्या पानांतून सायकल नेली की भेकर पळून जाते, आणि प्राणी दिसतील या आशेने आलेल्या माणसाने आधीच आशा सोडावी. ऐन, पळस, मोह या झाडांच्या मधून गावांना जोडणाऱ्या ज्या वाटा आहेत, त्यांनीच मी जाते. राखीव वनात विनापरवानगी शिरणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि नाक्यावरच्या वनरक्षकाला विचारले तर तो बहुधा स्वतःच सांगतो की कुठली वाट गावाची आणि कुठली जाळरेषा. जाळरेषा म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून साफ ठेवलेला पट्टा. नकाशावर तो मोहक सरळ रस्ता दिसतो. प्रत्यक्षात त्यावर खुंट असतात, आणि वनखात्याने तो सायकलसाठी झाडलेला नसतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचायला घरेच्या घरे झाडाखाली असतात. फुले दिसावीत म्हणून काही जण झाडाखालचा पाचोळा पेटवतात, आणि तो आवरला नाही तर वणवा होतो. वनखाते दरवर्षी विनवण्या करते. या दिवसांत माझा नियम सोपा आहे: मोह गळत असताना पहाटेची वाट वेचणाऱ्यांची. मी उशिरा निघते. डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या बाईला घंटी वाजवून बाजूला करू नये, स्वतः उतरून बाजूला व्हावे, हेही तिथेच कळले, कारण मोळीखाली मान वळवता येत नाही.

काट्यांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. गोखरू आणि वेडी बाभूळ हे नाशिकच्या वाटांचे खरे टोलनाके आहेत. ट्यूबलेस टायर आणि आत द्रवरूप सीलंट असेल तर बारीक छिद्रे चालता चालता बुजतात, पण सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतो, तो वेळोवेळी तपासून भरावा लागतो. माझ्या वजनाला आणि 40 मिलिमीटरच्या टायरला पस्तीस पीएसआयच्या आसपास हवेचा दाब पुरतो; जास्त भरली की मुरमावर चाक उडते, कमी भरली की रिमला दगड लागतो. याहून अधिक सामान-सुमानाची चर्चा मला कंटाळवाणी वाटते.

या सगळ्या वाटा किती दिवस राहतील, हा प्रश्न मला अलीकडे प्रत्येक जण विचारतो, जणू त्या सांभाळणे माझ्या हातात आहे. उघड्या चाऱ्यांच्या जागी बंद नलिकांतून पाणी देण्याकडे सिंचनाचा कल आहे. बाष्पीभवन आणि पाझर वाचतो, टेलला पाणी पोचण्याची शक्यता वाढते. नळ जमिनीखाली गेल्यावर वरची वाट कोणी राखणार नाही. वर्षा-दोन वर्षांत तिच्यावर बाभळी उभ्या राहतात किंवा ती शेतात मिसळते. शहराच्या बाजूने निराळेच होते. कॅनॉल रोड या नावाच्या ज्या रस्त्यांवर आज रिक्षा धावतात, तिथे काय होते हे नावच सांगते. आणि बागांमध्ये डांबर येते आहे.

डांबराच्या बाबतीत माझे मित्र माझ्यावर नाराज असतात. इटलीतल्या तोस्काना भागात पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर डांबर चढू नये, या उद्देशाने 1997 मध्ये गायोले गावातून लेरोइका ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली, आणि त्या रस्त्यांना पुढे जे मोल आले त्यात तिचा वाटा मोठा आहे. तसे काही नाशिकमध्ये करावे, असे सायकलवाल्यांच्या बैठकीत कोणीतरी दरवेळी सुचवते. मला ते पटत नाही. क्रेटमधला थॉमसनचा घड खडबडीत रस्त्यावरून पॅकहाउसला गेला, की मणी देठातून सुटतात, एकमेकांवर घासतात आणि त्यांच्यावरची पांढरट साय पुसली जाते. ती पुसलेला माल निर्यातीतून बाजूला पडतो आणि लोकल भावात जातो. हा फरक ज्याच्या खिशातून जातो, त्याला तुझा रस्ता कच्चा ठेव, तो आम्हाला आवडतो, असे सांगण्याचा मला कोणता अधिकार? शिवाय पावसाळ्यात त्याच रस्त्याने आजारी माणसाला न्यायचे असते. राज्य शासनाने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली, तिच्यातून मुरूम आणि खडी घालून पाणंदी पक्क्या करण्याची सोय झाली. सायकलवाल्यांनी आग्रह धरायचाच असेल तर अशा दबलेल्या, निचरा असलेल्या, पावसाळ्यातही चालणाऱ्या रस्त्यांसाठी धरावा, आणि त्यातही शेतकऱ्याला खडी पुरत नसेल तर डांबराच्या बाजूने हात वर करावा. कालव्याच्या भरावावर आणि रानात मात्र डांबर नको, असे मी ठामपणे म्हणेन. तिथे डांबर म्हणजे डंपर, आणि डंपरच्या वजनाने भराव खचला तर खालच्या शेतात पाणी शिरणार.

दरीकडून मातोरीला जाणाऱ्या माझ्या आवडत्या रस्त्याचे काम या उन्हाळ्यात होणार असल्याचे तिथल्या बागाईतदाराने आनंदाने सांगितले. खडीचे ढीग कडेला पडले आहेत. त्याच्या बागेच्या मागून एक जुनी चारी जाते आणि तिच्या काठाने ओढ्यापर्यंत वाट आहे. पुढे ती कुठे निघते ते त्यालाही सांगता आले नाही. त्याने पाटकऱ्याला विचारायला सांगितले आहे. आवर्तन बंद झाले की विचारीन.